मदत हवी आहे: देवमासे पाहायला खोल समुद्रात नेणारी बोट

गोव्यात कोको बीच आणि सिंकेरी इथल्या डॉल्फिन फेऱ्या करून झाल्या. त्या आग्वाद किल्ल्याजवळ तासभर फिरवतात. किनाऱ्यालगतचे हम्पबॅक डॉल्फिन दिसतात, पण चार-पाच बोटी अंगावर धावल्या की ते बुडी मारणारच! आम्हाला देवमासे किंवा व्हेल शार्क पाहायचे आहेत, म्हणजे निदान २०-२५ किलोमीटर आत. दिसतीलच अशी हमी नको.

सहा जण, जानेवारी. पहाटे निघून दुपारचा वारा सुटायच्या आत परत. दोघांना पोहता येत नाही, म्हणून कर्नाटकातल्या नेत्राणी बेटाजवळचं डायव्हिंग बाद. मासेमारी ट्रॉलरही नको, त्यांना प्रवासी परवाना नसतो.

प्रवासी परवाना, व्हीएचएफ रेडिओ (समुद्रातून संपर्कासाठीचा बिनतारी संच) आणि दोन इंजिनं असलेली, प्राणी दिसताच १०० मीटरवर इंजिन न्यूट्रल करणारी बोट पणजी किंवा वास्कोहून मिळते का? भाडं साधारण किती?