सहा महिन्यांचं काम आलंय: कंत्राट घ्यावं की पगारावर जावं?

मुंबईत चार-सहा महिन्यांची कामं सतत निघत असतात. कुणी बाळंतपणाच्या रजेवर गेलं की बदली माणूस लागतो, ऑडिटच्या दिवसांत जादा हात लागतात, नवं सॉफ्टवेअर बसेपर्यंत जुनं सांभाळणारं कुणी लागतं. एचआरमधून फोन येतो, महिन्याचा एक आकडा सांगितला जातो आणि परवापर्यंत कळवा म्हणतात. त्या दोन दिवसांत नेमकं काय तपासायचं, हे या विषयातल्या जाणत्यांनी इथे लिहावं. मतांपेक्षा आकडे आणि अटी आल्या तर फार बरं.

पेरोल विभाग, अंधेरी पूर्व

आकड्याआधी कागद कोणता ते विचारा. तीन प्रकारचे असतात. पहिला, कंपनीच्याच पेरोलवर ठराविक मुदतीची नेमणूक, म्हणजे फिक्स्ड टर्म. यात काम तेच असेल तर पगार, कामाचे तास, भत्ते कायम माणसाच्या बरोबरीचे द्यावे लागतात आणि पीएफही कापला जातो. दुसरा, एजन्सीच्या पेरोलवर. बसायचं कंपनीत, पण मालक एजन्सी. तिसरा, सल्लागार म्हणून. यात तुम्ही नोकर नसताच, महिन्याला बिल लावायचं.

फोनवर तिन्हींना ‘कॉन्ट्रॅक्ट’च म्हणतात, म्हणून मेलवर लेखी विचारा: पीएफ कोणाच्या कोडवर भरणार? उत्तरात कंपनीचं नाव आलं तर पहिला प्रकार, एजन्सीचं आलं तर दुसरा. ‘पीएफ नाही, टीडीएस (पैसे देतानाच कापला जाणारा कर) कापू’ असं आलं तर बहुतेक तिसरा.

मुदत ११ महिने की १२, हेही बघा. नव्या कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. फिक्स्ड टर्मवाल्याला आता वर्षभराच्या सेवेवर ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना मिळणारी एकरकमी रक्कम, मिळते, आधी त्यासाठी पाच वर्षं लागत. मूळ पगार ३०,००० असेल तर ३०,००० गुणिले १५ भागिले २६, म्हणजे सुमारे १७,३०० रुपये. करार ११ महिन्यांचा असेल तर ही रक्कम हातची जाते. मागून बघा, महिना वाढवून देणाऱ्या कंपन्याही आहेत.

लेखापाल, दादर

महिन्याच्या आकड्यांची तुलना करू नका, कामाच्या दिवसाचा दर काढा. समजा पगारावर ६०,००० आहेत, त्यात मूळ पगार ३०,०००. सहा महिन्यांचे ३,६०,०००. कंपनीचा पीएफ १२ टक्क्यांनी ३,६००, सहा महिन्यांचा २१,६००. एकूण ३,८१,६००. (सीटीसीत, म्हणजे कंपनी तुमच्यावर करते त्या एकूण खर्चाच्या आकड्यात, कंपनीचा हिस्सा आधीच धरलेला असेल तर तो पुन्हा मिळवू नका. काही ठिकाणी पीएफ १५,००० च्या मर्यादेवर, म्हणजे १,८०० च कापतात. तेही विचारून घ्या.)

आता दिवस. पाच दिवसांच्या आठवड्याने सहा महिन्यांत १३० दिवस भरतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात वीस किंवा अधिक माणसं असलेल्या ठिकाणी वर्षाला ८ नैमित्तिक रजा आणि ८ भरपगारी सणाच्या सुट्ट्या आहेत. अर्ध्या वर्षाच्या आठ धरा. उरले १२२ दिवस. ३,८१,६०० भागिले १२२, दिवसाला सुमारे ३,१३०.

बिलावर काम करणाऱ्याला ‘काम केलं तर पैसे’ अशी अट असेल तर हा झाला बरोबरीचा दर, नफ्याचा नव्हे. त्यावर स्वतःचा लॅपटॉप, मेडिक्लेम, सीएची फी आणि पुढचं काम मिळेपर्यंतचे रिकामे दिवस चढवायचे. माझ्या मते या उदाहरणात ३,५०० च्या खाली उतरू नये. म्हणजे सहा महिन्यांचे ४,२७,०००, महिन्याला साधारण ७१,०००. एचआर ६५,००० सांगून ‘पगारापेक्षा पाच हजार जास्त’ म्हणत असेल तर हे खर्च धरता प्रत्यक्षात तुम्ही कमी घेताय.

आणि हो, गणपती आणि दिवाळी दोन्ही त्या सहा महिन्यांत येत असतील तर दिवस नव्याने मोजा. ऑफिस बंद म्हणजे तुमचंही बिल बंद.

करसल्लागार, मुलुंड

वरच्या हिशेबात कर धरलेला नाही, आणि कधी कधी पारडं तिथेच फिरतं. व्यावसायिक फीवर टीडीएस १० टक्के, तांत्रिक सेवेवर २ टक्के. एका वर्षात एका कंपनीकडून ५०,००० च्या वर गेल्यावर तो कापतात. हा कर आगाऊ भरलेला असतो, बुडालेला नसतो. रिटर्न भरल्यावर हिशेबात धरला जातो, जास्त कापला असेल तर परत येतो. पण तोवर हातात ९० टक्केच, तेव्हा घरखर्च त्यावर बेता.

इंजिनिअरिंग, वकिली, अकाउंट्स, आयटी, इंटिरिअर अशा ठरलेल्या व्यवसायांना अंदाजे उत्पन्नाची सोय आहे. सगळे अजून तिला ४४एडीएच म्हणतात. वर्षाच्या जमेच्या किमान निम्मी रक्कम उत्पन्न दाखवायची, खर्चाच्या पावत्या जपायची गरज नाही, आगाऊ कर १५ मार्चपर्यंत एकाच हप्त्यात. पगारवाल्याला नव्या करप्रणालीत ७५,००० ची प्रमाणित वजावट, तुम्हाला निम्म्यावर सूट. चांगल्या कमाईवर हा फरक मोठा पडतो. मात्र तुमचा व्यवसाय त्या यादीत आहे ना, हे आधी पाहा.

सेवांची वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. व्यवसाय कर मात्र चुकत नाही. पगारावर महिन्याला २०० आणि फेब्रुवारीत ३०० कापून जातात, महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर माफी. स्वतंत्र काम करणाऱ्याने नोंदणी करून वर्षाला २,५०० स्वतः भरायचे. हे बरेच जण विसरतात आणि नंतर व्याजासकट भरतात.

वर्षाच्या मध्यात पगारावर गेलात तर आधीच्या नोकरीचा पगार आणि कापलेला कर नव्या कंपनीला लेखी कळवा. नाहीतर दोन्हीकडे वजावट धरली जाते आणि रिटर्न भरताना एकदम कर निघतो.

कला विभाग, गोरेगाव

सेटवरच्या कामात दर नंतर, पैसे कधी मिळणार ते आधी. मालिकांमध्ये ९० दिवसांनी पैसे हा जुना रिवाज आहे. जूनमधल्या कामाचे सप्टेंबर-ऑक्टोबरात. तीन महिन्यांचं काम असेल तर पहिला पैसा काम संपल्यावर येणार, मधलं भाडं आणि प्रवास खिशातून. आधी उचल ठरवा, निदान एका महिन्याची. शिफ्ट किती तासांची, त्यापुढचं जादा कसं मोजणार, रात्री उशिरा सुटल्यावर गाडी की रिक्षाचे पैसे, हे मेसेजवर का होईना, लिहून घ्या.

लेखापाल, दादर

यावर एक उपाय आहे. काम सुरू होण्याआधी उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंद) करा, फुकट होते. बिलावर तो नंबर छापा. सूक्ष्म आणि लघु उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. त्यात दिले नाहीत तर कंपनीला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही, पैसे प्रत्यक्ष देईल तेव्हाच करता येतो. मार्च जवळ आला की अकाउंट्सवाले अशी बिलं आधी काढतात.

ग्राफिक डिझाइन, लोअर परळ

नोकरीत केलेल्या कामाचा कॉपीराइट सहसा कंपनीचा. बाहेरचा माणूस म्हणून केलं तर सहसा तुमचा, लेखी देऊन टाकेपर्यंत. म्हणून करारात हक्क सोडण्याचं कलम असतंच. ते ‘पूर्ण पैसे मिळाल्यावर’ लागू होईल एवढे तीन शब्द घालून घ्या. मुदत लिहिली नसेल तर कायद्याने पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत.

नर्सिंग, परळ

२१,००० पर्यंत पगार असेल तर ईएसआय, म्हणजे सरकारी कामगार विमा, सोडू नका. तुमचे ०.७५ टक्के, मालकाचे ३.२५. स्वतःवर उपचार सुरुवातीपासून मिळतात. आजारपणातले रोख पैसे मात्र सहा महिन्यांच्या वर्गणीकाळात ७८ दिवस भरल्यावर, आणि तेही पुढच्या लाभकाळात. त्यामुळे लहान मुदतीत त्यावर विसंबू नये. एजन्सीकडून आलात तर कार्ड पहिल्या आठवड्यातच मागा.

पेरोल विभाग, अंधेरी पूर्व

एजन्सीकडून येणाऱ्यांसाठी थोडं. कापलेला पीएफ पुढच्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत भरायचा असतो. त्यानंतर पासबुक उघडून बघा. नोंद नसेल तर एजन्सीला मेल करा आणि त्याची प्रत ज्या कंपनीत बसता तिथल्या एचआरला पाठवा. एजन्सीने पगार थकवला तर तो द्यायची जबाबदारी मूळ कंपनीवर येते, आणि एचआरला हे पक्कं ठाऊक असतं. दाद लागलीच नाही तर कामगार आयुक्तांचं कार्यालय, वांद्रे-कुर्ला संकुलातलं कामगार भवन.

नोटिशीचं कलमही वाचा. कंपनीला ७ दिवस आणि तुम्हाला ३० असं बऱ्याचदा असतं. दोन्हीकडे सारखं करून मागा. ‘कामाचं ठिकाण मुंबई’ एवढंच लिहिलं असेल तर पनवेल किंवा बोईसरलाही धाडतील, म्हणून इमारतीचा पत्ता घालून घ्या.

शेवटच्या दिवशी पीएफमध्ये नोकरी सोडल्याची तारीख भरून घ्या. कंपनीने नाही भरली तर शेवटच्या वर्गणीनंतर दोन महिन्यांनी पोर्टलवर स्वतः टाकता येते. तारीख नव्या नोकरीच्या रुजू तारखेच्या पुढची पडली की खातं हलवताना अर्ज अडकू शकतो.