सेडान, हॅचबॅक, कूपे: ही नावे नेमकी कशावरून ठरतात?

दारे मोजून गाडीचा प्रकार ठरवण्याची सवय अनेकांना असते आणि बहुतेक गोंधळ तिथूनच सुरू होतो. त्यापेक्षा गाडीकडे बाजूने पाहावे आणि इंजिन, माणसे व सामान यांचे किती कप्पे वेगळे दिसतात ते पाहावे. तिन्ही वेगळे दिसत असतील तर ती सेडान, जिला ब्रिटनमध्ये सलून म्हणतात. माणसे आणि सामान एकाच छताखाली असतील तर हॅचबॅक, आणि ते छत जवळजवळ सपाट राहून पार मागच्या टोकापर्यंत गेले असेल तर इस्टेट, म्हणजेच अमेरिकेतली स्टेशन वॅगन.

मात्र बाह्य आकार फसवू शकतो. स्कोडा ऑक्टाव्हिया दुरून सरळसरळ सेडान वाटते, पण तिची डिकी उघडली की झाकणासोबत मागची काचही वर जाते आणि मागच्या सीटची पाठ समोर दिसते. काच जागेवर राहून केवळ झाकण उघडले तर सेडान, काचेसकट सगळा भाग उचलला गेला तर हॅचबॅक, ही कसोटी मला सर्वांत भरवशाची वाटते. अशा उतरत्या पाठीच्या हॅचबॅकला लिफ्टबॅक म्हणतात. फास्टबॅक हा शब्द छताचा सलग उतार तेवढा सांगतो, काच उघडते की नाही हे सांगत नाही. म्हणून हे दोन शब्द एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

कूपे हा शब्द 'कापणे' या अर्थाच्या फ्रेंच क्रियापदापासून आला असून तो मुळात आखूड केलेल्या घोडागाडीचा होता. मोटारींमध्ये तो दोन दारांच्या, बसक्या छताच्या गाडीला रूढ झाला. तरीही रोव्हरने १९६२ मध्ये पी-५ची चार दारांची कूपे विकायला काढलीच होती, आणि २००४ मध्ये आलेल्या मर्सिडीज सीएलएसनंतर तर हा वापर सर्रास झाला. अशा गाडीला नुसते 'कूपे' न म्हणता 'चार दारांची कूपे' असे पूर्ण लिहिणे मला योग्य वाटते.

एसयूव्ही आणि क्रॉसओव्हर यांतला भेद बाहेरून दिसतच नाही. पारंपरिक एसयूव्हीची बॉडी वेगळ्या चासीवर, म्हणजे खालच्या सांगाड्यावर, बसवलेली असते, तर क्रॉसओव्हर मोटारीप्रमाणे मोनोकॉक बांधणीची, म्हणजे बॉडी आणि सांगाडा एकच असलेली, असते. पण १९८४ ची जीप चेरोकी मोनोकॉक असूनही तिला एसयूव्हीच म्हणतात, तेव्हा इथे रेषा पुसट आहे हे मान्य करावे लागते.