अनुभव धागा: शाळेत मुलांच्या मनाकडे कोण बघतं?

पालक, शिक्षक, मुलं, सगळ्यांनीच लिहा. 'संवाद वाढवा' छाप उपदेश नकोत. प्रत्यक्षात काय केलं, तेवढंच.

शिक्षिका, जि. प. शाळा, बीड जिल्हा
आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीचे कोयते, म्हणजे नवरा-बायकोच्या जोड्या, बाहेर पडतात. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल फेडायला आईबाप पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात, पोरं आजीकडे किंवा हंगामी वसतिगृहात. मग वर्गात मारामाऱ्या सुरू होतात, नाहीतर एखादं पोर कोपरा धरून बसतं. शाळा सुटल्यावर मी माझ्या फोनवरून व्हिडिओ कॉल लावून देते. वेळ पालकच कळवतात, कारण गाडी भरायची असली की त्यांना सवड नसते. फडात रेंज मिळाली तर मिळाली. दुसरीतला एक जण फोनवर तोंडच उघडत नाही. परवा त्यानं पडलेला दात खिशातून काढला आणि आईला दाखवला.

पालक, पुणे
मुलीच्या शाळेत तक्रारपेटी आहे. मुख्याध्यापकांच्या दाराशी, वर सीसीटीव्ही. कोण मरायला चिठ्ठी टाकतंय!

शाळा समुपदेशक, ठाणे
अगदी! आमची पेटी जिन्याखाली हलवली तेव्हा कुठे चिठ्ठ्या यायला लागल्या.
'मला टेन्शन आलंय' असं मुलं क्वचितच सांगतात. पोट दुखतं म्हणून येतात. म्हणून मी आजारी खोलीची वही चाळते. एकच नाव दर वेळी गणिताच्या तासाआधी दिसलं, की त्या मुलाला सहज बोलावते, वर्गातून नाव पुकारून नाही.
'कुणाला सांगणार नाही ना?' याला मी सरसकट हो म्हणत नाही. जिवाला धोका असेल तर घरी सांगावं लागतं. लैंगिक अत्याचार असेल तर २०१२ च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. हे आधीच सांगितलं की काही जण गप्प होतात. पण बरेचसे नंतर परत येतात.

निवृत्त मास्तर, सांगली
शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ नं शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळावरही बंदी आहे. छडी गेली, पण मार्क मोठ्यानं वाचून दाखवणं चालूच. मी पेपर घडी घालून द्यायचो, मार्क आतल्या बाजूला. पहिले नंबरवाले नाराज व्हायचे. होवोत.

बारावी, नाशिक
आमच्या बाईंनी टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवलाय, पुसायचा नाही म्हणून बजावलंय. फुकट आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. प्रिलिमच्या आदल्या रात्री मी लावला होता. बरं वाटलं.

शाळा समुपदेशक, ठाणे
@बारावी, बाईंना म्हणावं शेजारी मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ पण लिहा. घरातच मारहाण होत असेल तर तो. आम्ही दोन्ही नंबर शाळेच्या डायरीत छापून घेतलेत.