नान्नजच्या माळाचं जाळं संगणकावर मांडून काय हाती लागणार?

नान्नजकर
माळढोक या गवताळ माळावरच्या मोठ्या पक्ष्यासाठी १९७९ साली सोलापूरजवळच्या नान्नजचं अभयारण्य झालं. आज तिथं एखादा माळढोक दिसला तरी बातमी होते. आपण एकेका प्राण्यापुरता विचार करत राहिलो, हे त्यामागचं मोठं कारण आहे असं माझं ठाम मत आहे. गवत, नाकतोडे, माळढोक, काळवीट, खोकड, लांडगा, धनगरांची मेंढरं, भोवतीची ज्वारी, हे सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे. प्रत्येक जीव म्हणजे एक गाठ, कोण कुणाला खातं ती रेघ. असं जाळं उभं केलं की एक गाठ काढल्यावर काय काय ढासळतं ते आधीच तपासता येतं. माळावर गिरीपुष्पाची परदेशी झाडं लावण्याआधी हे केलं असतं तर उघड्या माळाची झाडी झाली नसती.

मेंढका
रेघा मारणार कोण? लांडगा मेंढरू उचलतो, ही एक रेघ. पण लांडगीला पिल्लं असताना वेगळं, भर उन्हाळ्यात वेगळं, मेंढरांच्या वाड्यावर कुत्री तगडी असली की आणखी वेगळं. तुमच्या जाळ्यात मात्र बारा महिने तेवढीच.

सूक्ष्मदर्शी
मेंढका यांच्याशी सहमत. सी. एलिगन्स नावाचा जेमतेम एक मिलिमीटरचा कृमी आहे. त्याच्या ३०२ चेतापेशींच्या जोडण्यांचा नकाशा १९८६ साली छापून आला. तरी नुसत्या नकाशावरून तो पुढच्या क्षणी कुठं वळेल हे सांगता येत नाही, कारण कुठली जोडणी किती जोरकस आणि जोडणीबाहेरून कुठली रसायनं फिरतात हे त्यात नाही. माळ तर त्याहून कितीतरी गुंतागुंतीचा.

गिधाडांचंही तेच. गुरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक हे वेदनाशामक औषध त्यांची मढी खाणाऱ्या गिधाडांना मारतंय, ही रेघ कुठल्याच अन्नजाळ्यात नव्हती. मेलेल्या गिधाडांची मूत्रपिंडं तपासली तेव्हा कुठं ती सापडली. २००६ मध्ये आपल्याकडे जनावरांसाठी त्या औषधावर बंदी आली, पण तोवर बहुतेक गिधाडं गेली होती. जे आपण घातलेलंच नाही, ते जाळं दाखवणार कसं?

नान्नजकर
रेघेला वजन हवं, हे मान्य. पण काही गोष्टी माळावर जन्मभर फिरूनही कळत नाहीत. जितक्या जास्त जाती आणि जितकी गुंतागुंत, तितकं निसर्गचक्र पक्कं, असं मानलं जायचं. १९७२ साली रॉबर्ट मे या शास्त्रज्ञांनी गणितानं दाखवलं की जोडण्या वाटेल तशा वाढवल्या तर जाळं उलट डळमळीत होतं. मग खरी जाळी टिकतात ती त्यांच्या विशिष्ट रचनेमुळं. ती रचना शोधायची हा प्रश्नच त्या गणितामुळं नीट उभा राहिला.

सूक्ष्मदर्शी
आणि उत्तर मिळतं ते हात घातल्यावर. रॉबर्ट पेन या परिसंस्था-अभ्यासकांनी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या खडकांवरून शिंपले खाणारे तारामासे काढून फेकले. शिंपल्यांनी जागा बळकावली आणि १५ जातींच्या ८ उरल्या. नुसत्या रेघा मोजून तारामाशाचं हे वजन कळलं नसतं.

नान्नजकर
नान्नजला असा प्रयोग करायला माळढोक उरलेत कुठं? म्हणूनच संगणक.

ज्वारीवाली
माळढोक शेतातही उतरतो आणि किडे टिपतो. आमच्या फवारणीची गाठ या जाळ्यात कुठं आहे? ती धरा, नाहीतर अर्धा माळ बाहेरच राहिला.

मेंढका
फवारणी घाला, रेघांवर महिनेही घाला. कुठली रेघ कधी जाड होते ते वाड्यावरची म्हातारी माणसं सांगतील, येऊन विचारा. तोवर असल्या जाळ्याकडे बोट दाखवून कुणी आमची चराई बंद करायला निघालं, तर माझा विरोध राहील.