मदत हवी आहे: एकाच इलेक्ट्रोडवर एआरआय जवळपास ५० मिलिसेकंदांनी कमी येतोय

नमस्कार मंडळी. नागपुरात एम.टेक. करतोय. शाखा इलेक्ट्रॉनिक्स, हृदयाची ओळख या प्रोजेक्टपुरतीच, तेव्हा चुकलं तर सांभाळून घ्या.

डुकराच्या हृदयाच्या डाव्या जवनिकेतले (खालच्या कप्प्यातले) युनिपोलर इलेक्ट्रोग्रॅम, म्हणजे एकेका इलेक्ट्रोडने टिपलेले विजेचे आलेख, मिळालेत. पेसिंग (बाहेरून ठोके देणं) दर ६०० मिलिसेकंदांनी, सॅम्पलिंग १००० हर्ट्झ. प्रत्येक इलेक्ट्रोडखालचा स्नायू उत्तेजित झाल्यापासून पूर्ववत व्हायला किती वेळ लागतो, तो एआरआय काढायचा आहे. वायट पद्धत वापरतोय: क्यूआरएसमधला (स्नायू उत्तेजित होतानाची टोकदार लहर) सगळ्यात तीव्र उतार म्हणजे सुरुवात, टी-लहरीतला (स्नायू पूर्ववत होतानाची लहर) सगळ्यात तीव्र चढ म्हणजे शेवट.

आठव्या इलेक्ट्रोडवर एआरआय २४८ मिलिसेकंद, दहाव्यावर २५१. मधल्या नवव्यावर २०१! ठोका कोणताही घ्या, तेच. शेजाऱ्यांची टी उलटी आहे, नवव्याची सुलटी दिसते. सुलट्या टीचा चढ न घेता उतार धरायचा अशीही एक पद्धत आहे, ती लावली की २४४ येतात. मग तीच वापरू का? गाईडना दोन दिवसांनी आकडे दाखवायचे आहेत. बाहेर ४५ अंश, खोलीत कूलरची घरघर, आणि डोकं पार बंद पडलंय.

प्रतिसाद:
भाऊ, उत्तर आवडलं म्हणून पद्धत बदलू नका. टी सुलटी असो की उलटी, चढच धरायचा. जो भाग लवकर सावरतो त्याची टी सुलटी येते, म्हणून तिथे एआरआय कमी येणं यात मुळात वावगं काही नाही. पण पेशी एकमेकींना विजेने जोडलेल्या असतात, त्यामुळे शेजारच्या पेशी साधारण बरोबरच सावरतात. काही मिलिमीटरवर ५० मिलिसेकंदांची उडी मला पटत नाही. नवव्या चॅनलचा हाय-पास फिल्टर (ठरावीक वारंवारतेखालचे संथ बदल गाळणारा) बघा. टी-लहर फार संथ असते. बायपोलरला (दोन इलेक्ट्रोडमधल्या फरकाच्या सिग्नलला) चालणारा ३० हर्ट्झचा फिल्टर तिच्यावर बसला, तर ती चिमुकली तर होतेच, वर तिचा आकारही पालटतो. आणि आलेख ऑटोस्केलवर आहेत का, म्हणजे प्रत्येक आलेख आपोआप चौकटभर ताणला जातोय का?

धागाकर्ता:
बाप्पा! ऑटोस्केलच होतं. मी फक्त टीचा तुकडा कापून काढत होतो, त्यामुळे सगळ्या लहरी सारख्याच उंच दिसायच्या. एका मापावर ठेवल्या तर नवव्याची टी जवळजवळ सपाट. फाईलच्या हेडरमध्ये बाकी चॅनलना ०.०५ हर्ट्झ, नवव्याला ३०. मूळ सिग्नलवरून पुन्हा एक्सपोर्ट करून घेतला: टी उलटी, एआरआय २४७.

उतारवाल्या पद्धतीने २४४ आले ते निव्वळ योगायोगाने, आणि मी तेच लिहून मोकळा होणार होतो.

आता सहावा इलेक्ट्रोड. फिल्टर बरोबर आहे, पण टी आधी वर जाते, मग खाली, म्हणजे चढ दोन. पहिला धरला तर २१२, दुसरा धरला तर २६३. दोन्ही जवळपास सारखेच तीव्र. यातला कोणता घ्यायचा?