डिलिव्हरीचे पैसे हातात येतात, टॅक्स कोण कापतं?

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी (मूळ कसबा बावडा)

नमस्कार मंडळी,

मंडळाच्या मेल लिस्टवर पहिल्यांदाच लिहितोय. मी एच-४ वर, म्हणजे बायकोच्या व्हिसावर अवलंबून असलेल्या व्हिसावर आहे, ईएडी म्हणजे कामाच्या परवान्याचं कार्ड मिळालंय. बायको एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर, पगारी नोकरीत. मनासारखं काम मिळेपर्यंत घरी बसून राहायचं नाही म्हणून दोन अ‍ॅपवर जेवण पोचवायचं काम धरलं. गाडी आपली, वेळ आपला, कामाबद्दल तक्रार नाही. दर आठवड्याला पैसे खात्यावर येतात. बायकोच्या पगाराच्या स्लिपवर कपातीच्या ओळीच ओळी असतात, माझ्या पैशातून मात्र एक सेंटही कापला जात नाही. इथं कुणी सांगतं, सहाशे डॉलरच्या आत असेल तर दाखवायचंच नाही. कुणी सांगतं, पंधरा टक्के वेगळे भरावे लागतात. गावाकडं आण्णांना फोन केला तर म्हणाले, राजारामपुरीतल्या काकांना विचार, त्यांनी तिकडं वर्षानुवर्षं लोकांची रिटर्न भरलीत. काका अजून लिस्टवर आहेत, म्हणून इथंच विचारतो. बाकीच्यांच्याही कामाला येईल.

प्रेषक: काका, राजारामपुरी, कोल्हापूर

नमस्कार. आण्णांचा मलाही फोन आला होता. बरं झालं वेळेत विचारलंस.

अ‍ॅपवर आठवड्याच्या शेवटी दिसतो तो आकडा तुझा पगार नव्हे, ती तुझ्या धंद्याची विक्री आहे. एवढं एक डोक्यात बसलं की पुढचं सगळं सरळ होतं. तू बावड्याचा, ऊसबिल कसं येतं ते तुला सांगायला नको. कारखाना बिल काढतो, त्यातून सोसायटीचं पीककर्ज आधी वळतं होतं आणि राहिलेलं खात्यावर पडतं. तुझ्या बायकोचा पगार तसा येतो. तुझं बिल मात्र सोसायटीला न विचारता सगळंच्या सगळं खात्यावर पडतंय. देणं मिटलेलं नाही, फक्त कापून घ्यायचं काम तुझ्यावर आलंय.

आता ते पंधरा टक्के. नेमका आकडा १५.३ टक्के. त्यातले १२.४ सोशल सिक्युरिटीचे, म्हणजे तिकडच्या सरकारी पेन्शनचे, आणि २.९ मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणीच्या सरकारी आरोग्य विम्याचे. नोकरदाराच्या पगारातून यातला अर्धा, म्हणजे ७.६५ टक्के कापतात आणि उरलेला अर्धा मालक स्वतःच्या खिशातून भरतो. तू स्वतःच मालक आणि स्वतःच कामगार, त्यामुळे दोन्ही बाजू तुझ्याच अंगावर. याला सेल्फ-एम्प्लॉयमेंट टॅक्स म्हणतात. आयकर याच्यावर वेगळा. लोक इथंच गोंधळतात. आयकराच्या हिशेबात काही लागत नाही म्हणून निवांत राहतात आणि एप्रिलमध्ये हा टॅक्स समोर येतो.

सहाशे डॉलरची गोष्ट अर्धवट आहे. २०२५ सालात सहाशे किंवा जास्त दिले तर कंपनीने १०९९-एनईसी हा फॉर्म द्यायचा, असा तो नियम. २०२६ पासून ती मर्यादा दोन हजार झाली आहे. पण ती मर्यादा कंपनीने कागद द्यायची आहे, तू उत्पन्न दाखवायची नव्हे. कागद येवो न येवो, उत्पन्न दाखवायचंच. आणि खर्च वजा जाऊन निव्वळ कमाई ४०० डॉलर झाली की हा टॅक्स लागतो.

खर्च वजा जाऊन, हे शब्द नीट वाच. तुझी सगळी बचत तिथं आहे, आणि डिलिव्हरीवाल्याचा सगळ्यात मोठा खर्च म्हणजे गाडीचे मैल. २०२५ साठी सरकारी दर मैलाला ७० सेंट आहे, २०२४ ला ६७ होता. समज, वर्षात तीस हजार डॉलर आले, कामाचे मैल अठरा हजार झाले, फोनचा धंद्यापुरता भाग आणि टोल मिळून चारशे. मैलांचे १२,६०० गेले, चारशे गेले, निव्वळ राहिले सतरा हजार. टॅक्स त्याच्या ९२.३५ टक्क्यांवर बसतो, म्हणजे साधारण २,४०२ डॉलर. आता मैलांची नोंदच नाही असं धर. निव्वळ २९,६०० आणि टॅक्स ४,१८२. नुसत्या नोंदवहीचे १,७८० डॉलर, आणि आयकरातला फरक अजून धरलेला नाही.

नोंद म्हणजे काय, तेही सांगतो, कारण 'साधारण इतके झाले असतील' असं वर्षाच्या शेवटी लिहिलेलं टिकत नाही. तारीख, कुठून कुठं, कशासाठी, किती मैल. रोजच्या रोज. एक जानेवारीला ओडोमीटरचा फोटो, एकतीस डिसेंबरला दुसरा. मैल मोजणारं अ‍ॅप असलं तरी गाडीच्या कप्प्यात एक साधी वही ठेव, फोन बदलला तरी वही राहते. डिलिव्हरी कंपनी वर्षाअखेर मैलांचा आकडा पाठवते, त्याच्यावर विसंबू नकोस. त्यात बहुतेक वेळा ऑर्डर गाडीत असतानाचेच मैल असतात. गिऱ्हाइकाच्या दारातून पुढची ऑर्डर घ्यायला जातोस तेही कामाचेच मैल, ते तुझ्या वहीतच सापडणार. घरातून निघून कामाच्या पहिल्या ठिकाणापर्यंतचे मात्र सोडून दे, ते कामावर जाण्या-येण्याचे धरतात.

हा दर घेतलास की पेट्रोल, सर्व्हिसिंग, इन्शुरन्स वेगळं लावायचं नाही, ते दरातच आलं. टोल आणि कामाच्या वेळचं पार्किंग वेगळं चालतं. आणि गाडी धंद्याला लावल्याच्या पहिल्याच वर्षी हा दर घ्यावा लागतो. पहिल्या वर्षी प्रत्यक्ष खर्चाची पद्धत धरलीस तर त्या गाडीला पुन्हा या दरावर येता येत नाही.

इन्शुरन्सवरून आठवलं. घरगुती गाडीच्या पॉलिसीत डिलिव्हरीचं काम बऱ्याचदा वगळलेलं असतं. एजंटला आजच फोन कर. अपघातानंतर कळून उपयोग नाही.

भरायचं कधी? ज्यांचं कापलं जात नाही त्यांनी वर्षात चार हप्ते भरायचे: १५ एप्रिल, १५ जून, १५ सप्टेंबर आणि पुढच्या वर्षीचा १५ जानेवारी. कापलेलं वजा जाऊन हजार डॉलर किंवा जास्त देणं निघत असेल तर हप्ते चुकवल्याचा दंड बसतो. मात्र यंदाच्या टॅक्सचे ९० टक्के किंवा गेल्या वर्षीच्या टॅक्सइतके पूर्ण भरलेले असले तर दंड नाही. दोघांचं मिळून गेल्या वर्षीचं उत्पन्न दीड लाख डॉलरच्या वर असेल तर गेल्या वर्षीचे ११० टक्के धरायचे. तुमच्या घरात बहुधा हेच लागू पडेल.

मी तुला हप्त्यांपेक्षा सोपी वाट सुचवेन. बायकोला तिच्या कंपनीत डब्ल्यू-४ हा पगारातल्या कपातीचा फॉर्म नव्याने भरायला सांग आणि पायरी ४ (सी) मध्ये दर पगारातून जादा कपात लिहायला सांग. तुम्ही एकत्र रिटर्न भरता, त्यामुळे तिच्या पगारातली कपात तुझ्या टॅक्सलाही चालते. शिवाय पगारातून कापलेलं वर्षभर समान कापलं असं धरतात, मग ते डिसेंबरात कापलेलं का असेना. मागचे हप्ते राहिले असतील तर ही सोय फार मोलाची आहे.

रिटर्नमध्ये शेड्यूल सी वर धंद्याचा हिशेब, शेड्यूल एसई वर हा टॅक्स. या टॅक्सचा अर्धा भाग आयकराच्या उत्पन्नातून वजा होतो, आणि छोट्या धंद्याच्या नफ्यावर बहुधा २० टक्क्यांपर्यंतची वेगळी वजावटही मिळते. सॉफ्टवेअर ती आपोआप धरतं, पण आकडा बरोबर आलाय ना ते बघ.

आता कळकळीचं. लिस्टवर एफ-१ या विद्यार्थी व्हिसावर आलेली आपली मुलं आहेत. बाळांनो, मित्राच्या खात्यावर डिलिव्हरी करू नका. एफ-१ वर हे काम चालत नाही, एच-१बी वर बाजूला करायलाही चालत नाही, आणि ईएडी नसलेल्या एच-४ लाही नाही. टॅक्स भरला म्हणून ते काम कायदेशीर होत नाही. चार पैशांसाठी आईवडिलांनी कर्ज काढून उभं केलेलं शिक्षण पणाला लावू नका. घरभाड्याची अडचण असेल तर मंडळात कुणालाही फोन करा, मला करा. आणि बावडेकर, तुझ्या कार्डावरची शेवटची तारीख रोज डोळ्यासमोर ठेव. ३० ऑक्टोबर २०२५ पासून पुढे भरलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही. नवं कार्ड हातात नसेल तर जुन्याची मुदत संपेल त्या दिवशी अ‍ॅप बंद.

प्रेषक: सभासद, न्यू जर्सी (मूळ कसबा बावडा)

काका, मनापासून आभार. वही आणली, ओडोमीटरचा फोटोही काढला. दोन शंका राहिल्या. टिपांवर आता टॅक्स नाही असं ऐकतोय, ते खरं का? आणि आम्ही दहा वर्षं इथं राहू की नाही कुणास ठाऊक. मग हे सोशल सिक्युरिटीचे पैसे वायाच ना?

प्रेषक: काका, राजारामपुरी, कोल्हापूर

टिपांचं निम्मं खरं. २०२५ ते २०२८ या वर्षांसाठी वर्षाला २५ हजार डॉलरपर्यंतच्या टिपांची वजावट आली आहे. नवराबायकोंनी एकत्र रिटर्न भरायला हवं आणि उत्पन्न तीन लाखांच्या पुढं गेलं की वजावट कमी होत जाते. पण ही सूट आयकरातली आहे. ते १५.३ टक्के टिपांवरही बसतातच. म्हणून टिपांची नोंद वेगळी ठेव.

दुसऱ्याबद्दल. भारत-अमेरिकेत सोशल सिक्युरिटीचा करार झालेला नाही, त्यामुळे तिकडची वर्षं इकडच्या पीएफला जोडता येत नाहीत, हे खरं. पण पेन्शनला ४० क्रेडिट लागतात आणि वर्षाला चार मिळतात. २०२५ साली एका क्रेडिटला १,८१० डॉलरची कमाई लागत होती, म्हणजे ७,२४० ला चारही. तुझ्यासारख्याची चारही सहज होतात. ग्रीन कार्डच्या रांगेत आपली माणसं दहा-दहा वर्षं तिथंच काढतात, त्यातल्या कितींनी सुरुवातीची वर्षं रोखीत घालवली आणि पुढं क्रेडिट मोजत बसले, ते मी जवळून बघितलंय. वाया जातील म्हणून उत्पन्न लपवू नकोस.

प्रेषक: सभासद, डलास (सध्या मंगळवार पेठ, कोल्हापूर)

काका, आईच्या औषधपाण्यासाठी मी सध्या कोल्हापुरात आहे. तुमची मेल वाचताना भाचा शेजारीच होता. तो इथं मोटरसायकलवर डिलिव्हरी करतो, ताराबाई पार्कपासून उचगावपर्यंत. त्याचं म्हणणं, वर्षाला तीनेक लाख येतात, त्यातून एक टक्का कापलेला दिसतो. तो कसला? त्यानं रिटर्न कधी भरलेलं नाही.

प्रेषक: काका, राजारामपुरी, कोल्हापूर

ताई, भाच्याला घेऊन माझ्याकडेच या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी संध्याकाळी ही पोरं ऑर्डरची वाट बघत गाड्यांवर बसलेली असतात. पावसाळ्यात रेनकोटच्या आत मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. त्यांच्यातल्या फार थोड्यांनी पॅनच्या खात्यावर काय जमा आहे ते उघडून बघितलेलं असतं.

तो एक टक्का म्हणजे टीडीएस, पैसे देतानाच कापून घेतलेला आयकर. तीन लाखांवर तीन हजार. २०२५-२६ मध्ये नव्या कररचनेत चार लाखांपर्यंत करच नाही, म्हणजे ते तीन हजार सगळे त्याचे आहेत. पण रिटर्न भरल्याशिवाय परत येत नाहीत. आयकराच्या पोर्टलवर एआयएस, म्हणजे वर्षभराच्या माहितीचं पत्रक, उघडलं की कंपनीने किती दिले आणि किती कापले, दोन्ही दिसतं.

रिटर्न आयटीआर-४ या फॉर्मवर, आयकराच्या कलम ४४एडी खाली. यात वह्या ठेवायच्या नाहीत, बँकेतून आलेल्या रकमेच्या किमान ६ टक्के उत्पन्न दाखवायचं. कोणीतरी त्याला सांगेल, अठरा हजार दाखव आणि मोकळा हो. माझं ऐकाल तर तसं करू देऊ नका. किमान सहा टक्के म्हटलंय, खरी कमाई जास्त असेल तर तीच दाखवायची. पेट्रोल आणि गाडीचा खर्च जाऊन त्याच्या हाती दीड-पावणेदोन लाख राहत असतील तर तेवढे लिहावे. कर तरीही शून्यच. पण उद्या नव्या गाडीचं कर्ज मागायला बँकेत गेला तर अठरा हजारांच्या रिटर्नवर त्याला कोण उभं करणार?

अमेरिकेत १५.३ टक्के घेतात म्हणून आपण कुरकुरतो, पण त्याच्या मागं म्हातारपणाची पेन्शन आहे. इथं या पोराकडून कुणी घेत नाही आणि त्याला कुणी देतही नाही. ना पीएफ, ना ईएसआयचा आजारपणाचा विमा. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. तिच्यात या कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांच्या आत, कामगारांच्या निधीत घालायचे आहेत. त्याचा फायदा मिळायचा तर नाव नोंदलेलं हवं, म्हणून ई-श्रम या सरकारी पोर्टलवर नोंदणी आधी करा. आणि चाळिशीच्या आत आहे, आयकर भरणारा नाही, तर अटल पेन्शन योजना त्याला घेता येते. साठीनंतर महिन्याला हजार ते पाच हजार. फार नाही, पण आज त्याच्या नावावर काहीच नाही.

येताना पॅन, आधार, बँकेचं पासबुक आणि गाडीची पॉलिसी आणा. पॉलिसी खासगी वापराची असेल तर तिथंही तीच भानगड आहे, जी बावडेकराला सांगितली. रविवारी सकाळी दहानंतर कधीही या. त्याचे आणखी दोन-तीन मित्र असतील तर त्यांनाही घेऊन या, एका बैठकीत सगळ्यांची एआयएस बघून टाकू.

प्रेषक: सभासद, डलास (सध्या मंगळवार पेठ, कोल्हापूर)

रविवारी येतो, काका. चौघं होतील. एकाच्या पॅनला जुना मोबाइल नंबर आहे, तो बदलून घ्यायला त्याला आजच सांगितलंय.