कार्पेटचं स्टीम क्लीनिंग केलं, पण डाग आणि वास परत आले – मदत हवी आहे

शेवंती

नमस्कार मंडळी,

आमच्या बैठकीच्या खोलीत भिंतीपासून भिंतीपर्यंत कार्पेट आहे. बाळ आता रांगायला लागलंय, दिवसातला बराच वेळ त्याचं नाक जमिनीपासून वीतभर अंतरावर असतं. त्यात मांजराने एका कोपऱ्यात घाण करून ठेवली. म्हणून व्यावसायिक स्टीम क्लीनिंग करून घेतलं.

माणसं आली, मशीन लावलं, भरपूर पाणी मारलं आणि तासाभरात आवरून गेली. तेव्हा कार्पेट छान दिसत होतं. पण दुसऱ्या दिवशीही पायाला ओल लागत होती. पूर्ण वाळल्यावर मधला जुना तपकिरी डाग होता त्याच जागी पुन्हा उमटला. कोपऱ्यातला मुताचा वास आधीपेक्षा वाढलाय. आणि जिथून आमची येजा असते तो पट्टा चिकट लागतो, आताच काळवंडायला लागलाय.

मला मुळात हे समजून घ्यायचंय की ते मशीन आत नेमकं करतं काय, आणि गेलेला डाग परत येतो कसा? काम चुकीचं झालं, की कार्पेटच संपलंय? पुन्हा कोणाला बोलवायचं तर फोनवर काय विचारू? धुळीतल्या किड्यांचा, म्हणजे डस्ट माइट्सचा, यात बंदोबस्त होतो का, हेही बाळामुळे महत्त्वाचं आहे.

शिवाय आजेसासूबाईंनी दिलेला हातगाठींचा लोकरी गालिचा आहे, दोन्ही टोकांना दशा असलेला. त्याला त्या मशीनचा हात लागू दिलेला नाही. त्याचं काय करावं?

निवांत

आधी खिडक्या उघडा आणि पंखे जमिनीलगत, कार्पेटवरून वारा वाहील असे लावा. छताचा पंखा एकटा पुरत नाही. पाणी मारण्याआधी त्यांनी कोरडं व्हॅक्यूम केलं होतं का?

शेवंती

नाही. आल्या आल्या पाणीच सुरू केलं. पंखे लावलेत, आता ओल नाही, पण वास आहेच.

ताणाबाणा

शेवंतीताई, मी याच कामात आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो. तुमचं कार्पेट संपलेलं वाटत नाही. काम अर्धवट झालंय.

स्टीम क्लीनिंग म्हणून जे सर्रास केलं जातं त्यात वाफ जवळजवळ नसते. गरम पाणी दाबाने लवीत, म्हणजे कार्पेटच्या वर उभ्या असलेल्या धाग्यांत, मारायचं आणि लगेच जोरदार व्हॅक्यूमने मळासकट परत ओढून घ्यायचं, अशी ती पद्धत. आम्ही तिला हॉट वॉटर एक्स्ट्रॅक्शन म्हणतो. मशीनमध्ये एक स्वच्छ पाण्याची टाकी, एक मळक्या पाण्याची, पंप, बहुतेकदा हीटर आणि व्हॅक्यूमची मोटर. होजच्या टोकाला वाँड, म्हणजे लांब वाकडी नळी. तिच्या तोंडाशी पाणी फवारणारे जेट आणि त्यांना लागूनच शोषून घेणारी फट. व्हॅनमध्ये बसवलेली मोठी मशीनंही याच तत्त्वावर चालतात, फक्त त्यांचं पाणी जास्त तापतं आणि ओढ कितीतरी जास्त असते.

यात पाणी घालणं सोपं आहे. सगळं कौशल्य ते बाहेर काढण्यात. जेवढं पाणी आत राहिलं तेवढा मळही आत राहिला, हे धरून चाला.

पण वाँड हातात घेण्याआधीच बरंच काम झालेलं असायला हवं. कार्पेटमधला बहुतांश मळ कोरडा असतो: माती, वाळू, केस, कातडीचे कण. तो कोरडा असतानाच व्हॅक्यूमने निघतो. त्यावर थेट पाणी मारलं की चिखल होऊन खाली बसतो. व्हॅक्यूमनंतर प्री-स्प्रे, म्हणजे मळ सैल करणारं अल्कलीयुक्त साबणाचं द्रावण, फवारायचा, १० ते १५ मिनिटं मुरू द्यायचा आणि ब्रशने किंवा ब्रशच्या मशीनने लवीत घोळवायचा. जर्मन रसायनतज्ज्ञ हर्बर्ट सिनर यांनी १९५९ मध्ये धुण्याचं गणित चार गोष्टींत मांडलं: रसायन, उष्णता, घासणं आणि वेळ. एक कमी केली की उरलेल्यांपैकी काहीतरी वाढवावं लागतं. तासाभरात उरकणारे लोक वेळ आणि घासणं दोन्ही कापतात, आणि ती तूट साबण वाढवून भरून काढायला बघतात. तो जास्तीचा साबण नीट खंगाळून काढला नाही की वाळल्यावर चिकट थर राहतो आणि पायांची धूळ धरून ठेवतो. तुमचा येजा करायचा पट्टा म्हणूनच काळवंडतोय. चांगला कारागीर शेवटी किंचित आम्लयुक्त पाण्याने खंगाळतो, त्यामुळे प्री-स्प्रेचा अल्कलीपणा मरतो आणि लव मऊ राहते.

वाँड चालवायचीही रीत असते. ट्रिगर दाबून एक ओली ओढ, मग ट्रिगर सोडून त्याच पट्ट्यावर दोन-तीन कोरड्या ओढी. या कोरड्या ओढी दिसायला काहीच करत नाहीत, म्हणून घाईत पहिल्यांदा त्याच गळतात. नीट काम केलेलं कार्पेट साधारण ६ ते १२ तासांत वाळतं. २४ तासांवर ओल राहता कामा नये. त्यापुढे २४ ते ४८ तासांच्या टप्प्यात बुरशी धरायची भीती असते.

आता डाग. पाणी वाळतं लवीच्या टोकांवरून, आणि खालच्या थरात विरघळलेला मळ धाग्यांतून वर चढतो, जसं दिव्याच्या वातीतून तेल चढतं. टोकाशी पाणी उडून जातं, मळ तिथेच राहतो. म्हणजे तो डाग गेलाच नव्हता, फक्त खाली ढकलला गेला होता. उपाय जास्त पाणी मारणं हा नाही. थोडंसं पाणी, भरपूर शोषण, आणि नंतर त्या जागेवर पांढऱ्या सुती टॉवेलची जाड घडी, वर वजन. चढणारा मळ टॉवेलमध्ये उतरतो.

मांजराचं प्रकरण वेगळं आहे. त्याबद्दल एक सांगा: कोपऱ्यात कार्पेट उचलून बघता येईल का? खाली फोमचं पॅड आहे की थेट फरशीला चिकटवलंय?

शेवंती

कोपऱ्यातून उचललं. खाली करड्या रंगाचं पॅड आहे, आणि त्यावर पिवळसर कडा असलेला मोठा गोल डाग! वरून दिसतो त्याच्या दुप्पट आहे. तुम्ही लिहिलेलं वाचून पहिल्यांदा सगळ्याचा उलगडा झाला. पॅडवरचं कसं काढायचं?

ताणाबाणा

वाटलंच होतं. लघवी वर पसरते थोडी, खाली पसरते जास्त. वाळल्यावर तिचे क्षार तिथेच राहतात आणि ते हवेतली ओल ओढून घेतात, म्हणून हवा दमट झाली की वास उठतो. पाणी मारून शोषलं नाही की ते क्षार विरघळून आणखी पसरतात. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

तेवढा पॅडचा तुकडा कापून बदलता आला तर तोच सगळ्यांत खात्रीचा मार्ग. कार्पेटच्या पाठीसाठी एन्झाइमचं, म्हणजे लघवीतले घटक फोडणारं, द्रावण वापरा. ते डाग जितका खोल गेलाय तितकं खोल पोचलं पाहिजे आणि बाटलीवर लिहिलेला पूर्ण वेळ ओलं राहिलं पाहिजे. वरवर फवारून लगेच पुसलं तर उपयोग शून्य. वेळ झाल्यावर शोषून काढायचं. आणखी डाग कुठे आहेत ते अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्चने दिसतात. क्लोरीनचं ब्लीच मात्र चुकूनही नको. लघवीतल्या अमोनियाशी त्याची क्रिया होऊन विषारी वायू होतो, आणि घरात बाळ आहे.

निवांत

मग खरी वाफ सोडणारं मशीन मिळतं, ते घेतलं तर? पाणीही कमी लागेल आणि किडेही मरतील.

ताणाबाणा

ते फरशी आणि टाइल्ससाठी चांगलं. कार्पेटवर ते मळ सैल करतं, पण बाहेर काढत नाही, कारण त्याला शोषणच नसतं. लोकर १०० अंशांच्या वाफेने आटू शकते, आणि कार्पेटच्या दोन पाठी जोडणारा लॅटेक्सचा थर जास्त उष्णतेने सुटू शकतो.

किड्यांबद्दल: माइट्स ५५ ते ६० अंशांना मरतात, पण ती उष्णता टिकून राहावी लागते. आमच्या मशीनचं पाणी लवीत शिरताच निवतं. त्यामुळे सगळे किडे मरतात असं मी कधीच सांगत नाही. फायदा होतो तो त्यांची विष्ठा आणि तिच्यातलं अ‍ॅलर्जी करणारं प्रथिन पाण्यासोबत बाहेर येतं याचा. पण कार्पेट ओलं राहिलं तर उलटं होतं, कारण माइट्सना ओलाच हवा असतो. बाळासाठी हेपा फिल्टरच्या, म्हणजे अतिबारीक कण अडवणाऱ्या, व्हॅक्यूमने आठवड्यातून दोनदा हळूहळू फिरवणं आणि खोली कोरडी ठेवणं हे वर्षातल्या एका स्टीम क्लीनिंगपेक्षा जास्त मोलाचं आहे.

कापूसकोंडा

गालिच्याबद्दल मी लिहिते, जुने गालिचे दुरुस्त करते.

मशीनला हात लावू दिला नाहीत हे फारच चांगलं केलंत! हातगाठींच्या गालिच्याचा ताणा, म्हणजे ज्यांवर गाठी मारतात ते उभे धागे, बहुधा सुती असतो, आणि दशा म्हणजे त्याच ताण्याची टोकं. सूत अल्कलीयुक्त पाण्यात भिजून सावकाश वाळलं की तपकिरी पडतं. लोकरीला प्री-स्प्रेचा कडक अल्कलीही सोसत नाही, तिला साधारण तटस्थ पीएचचं द्रावण आणि कोमट किंवा गार पाणी लागतं.

पहिली परीक्षा रंगाची. पांढरा सुती रुमाल ओला करून प्रत्येक रंगावर, विशेषतः लाल आणि गडद निळ्यावर, काही मिनिटं दाबून धरा. रुमालाला रंग लागला तर घरी अजिबात धुऊ नका. दुसरी परीक्षा धाग्याची. मागून एक केसभर धागा काढून चिमट्यात धरून जाळा. लोकर जळलेल्या केसांसारखी वास मारते आणि राख बोटांत चुरडते. नायलॉन, पॉलिएस्टर वितळून कडक मणी होतो. जळलेल्या कागदाचा वास आला तर ते सूत किंवा व्हिस्कोस, म्हणजे लाकडाच्या लगद्यापासून केलेला कृत्रिम धागा. लवीला रेशमासारखी चमक असूनही कागदाचा वास आला तर बहुधा व्हिस्कोसच. ते ओलं झाल्यावर कमकुवत होतं, त्याला पाणीच नको.

लोकरीचाच निघाला तर गालिचे धुण्याच्या कारखान्यात देऊन धुऊन घ्या. तिथे आधी उलटा करून झटकतात, पायथ्याशी साठलेली वाळू निघते. मग भिजवून धुतात आणि पिळून सपाट किंवा टांगून वाळवतात. लोकर आपल्या वजनाच्या ३० टक्क्यांपर्यंत ओल धरूनही हाताला कोरडी लागते, म्हणून वरून हात लावून वाळला असं समजून गुंडाळू नका.

शेवंती

रुमाल लावून पाहिला. निळा पक्का आहे, लाल किंचित उतरला. म्हणजे घरी नाहीच. धागा जळताना केसांचाच वास आला.

आता बैठकीच्या कार्पेटसाठी पुन्हा बोलवायचं तर त्याच लोकांना की दुसऱ्यांना? आणि काय विचारू?

ताणाबाणा

आधी त्याच लोकांना डागाचे फोटो पाठवून काम पुन्हा करून द्या म्हणा, बरेच जण करतात. पण या खेपेला नवा साबण नको. कोरडं व्हॅक्यूम, मग फक्त आम्लयुक्त खंगाळणं आणि भरपूर कोरड्या ओढी. ते ऐकत नसतील तर दुसरे बघा.

फोनवर विचारा: आधी कोरडं व्हॅक्यूम तुम्ही करता का? धागा कोणता आहे हे कसं तपासता? प्री-स्प्रे किती वेळ ठेवता? शेवटी कशाने खंगाळता? वाळवायला जमिनीवरचे ब्लोअर आणता का, आणि किती तासांत वाळेल? शेवटच्या प्रश्नाला ‘दोन दिवस लागतात’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून द्या. प्रशिक्षणाचं विचारायचं असेल तर आयआयसीआरसी या सफाईच्या कामाची मानकं ठरवणाऱ्या संस्थेचं प्रमाणपत्र आहे का विचारा, कार्पेट धुण्यासाठी तिचं एस१०० हे मानक आहे.

आणि पॅडचा तुकडा ती माणसं यायच्या आधीच बदला. नाहीतर पाणी पुन्हा त्याच क्षारांपर्यंत जाईल.

शेवंती

पॅड रविवारी बदलतोय. त्याच लोकांना फोटो पाठवलेत, आणि तुमचे प्रश्न फोनशेजारी लिहून ठेवलेत. ताणाबाणा, कापूसकोंडा, निवांत, मनापासून आभार. काम झालं की डाग पुन्हा वर येतो का ते इथेच कळवते.